वज्रधरवरची हाक

आये जहाजाच्या फळीपाशी थांबली आणि चपला काढू लागली.

आम्हाला जहाज दाखवायला एक तरुण अधिकारी दिला होता, लेफ्टनंट दळवी. तो लगबगीने पुढे आला. “मावशी, चपला असू द्या पायात. वरचा पत्रा तापलाय, भाजेल.”

“भाजूंदे,” आये म्हणाली. “होडयेर कोण चपला घालून चढता?”

“आये, ही होडी नाही,” मी कुजबुजले. “युद्धनौका आहे.”

“नाळ आसा मां तिका?” आयेने जहाजाच्या पुढच्या टोकाकडे हनुवटी केली. करड्या रंगाचं ते टोक उन्हात कोयत्याच्या पात्यासारखं दिसत होतं. “नाळ आसा म्हणजे होडीच.”

चपला तिने माझ्या हातात दिल्या, फळीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि चढू लागली. दुसऱ्या हाताने पदराची गाठ घट्ट धरली होती. त्या गाठीत तांदूळ होते. सकाळपासून माझं सगळं लक्ष त्या गाठीकडे होतं.

ते तांदूळ कशाचे ते आधी सांगायला हवं.

आम्ही गाबीत, दर्यावर जगणारे. देवगडच्या खालच्या अंगाला माडांत दडलेली आमची वाडी. दर्यात गेलेला माणूस परत आला नाही, त्याचं अंगही सापडलं नाही, तर आमच्या वाडीत एक रीत होती. घरातल्या मोठ्या बाईने पदरात तांदूळ बांधून पाण्याच्या कडेला उभं राहायचं आणि त्याला तीन हाका मारायच्या. हाक घरातल्या नावाने. प्रत्येक हाकेनंतर एक लाट येऊन परत जाईपर्यंत कान देऊन थांबायचं. ओ आली नाही की तांदूळ पाण्यात सोडायचे आणि मागे न बघता घरी यायचं. मग दिवस करायचे, मग रडायचं. हाक मारल्याशिवाय रडायचंसुद्धा नाही.

माझा भाऊ गजानन. घरात बाबल. तो नौदलात होता, आधीच्या ‘वज्रधर’वर. एका वादळात मच्छीमारांचा ट्रॉलर बुडत होता, तेव्हा हे लोक मागच्या डेकवरून दोर टाकून माणसं वर ओढत होते. माणसं वर आली. शेवटच्याला वर घेताना एक लाट डेकवर चढली, आणि उतरली तेव्हा बाबल तिथे नव्हता. शोधायचं तेवढं शोधलं त्यांनी. त्याच्या टोपीशिवाय काही हाती लागलं नाही.

आयेने हाक मारली नाही. वाडीतल्या बायका सांगून सांगून दमल्या. आयेचं एकच, “माझो झील दर्यात खंय गेलो? तो बोटीर गेलो. मी बोटीक ईचारीन. दर्याक कित्याक ईचारू?”

ती बोट होती पूर्वेच्या किनाऱ्यावर. आम्ही कधी जाणार तिथे? जाऊ जाऊ म्हणेपर्यंत ती म्हातारी झाली, निवृत्त झाली, तोडायला गेली. मी आयेला ते सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “आता खंय हाक मारू गे?”

तोवर मला मुंबईत नौदलाच्या गोदीत काम लागलं होतं, ध्वज शिवण्याच्या खात्यात. आयेला मी माझ्याजवळ आणलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, आत मोरी. रोज दिवेलागणीला आये मोरीत एक बादली गोड्या पाण्याने भरून ठेवायची, वर ताटली झाकायची, ताटलीवर धुतलेला पंचा आणि साबणाची वडी.

“खाऱ्या पाण्यातसून येतलो,” म्हणायची. “आंग चिकचिकतला तेचा. न्हाऊक नको?”

ते पाणी कोणी वापरायचं नाही. सकाळी ती ते कढीलिंबाच्या कुंडीला घालायची. कधी कधी सकाळी पंचा मला दमट लागायचा. समुद्राकाठची हवा, मी मनाला सांगायचे. पण मोरीकडे पाठ करून मला झोप येत नसे. मला बघायला एका घरचे आले, त्यांना आये म्हणाली, “लग्नात हिच्या हातात लाह्यो कोण घालतलो? भाऊस येवंदे हिचो.” ते उठून गेले. पुढे कोणी आलं नाही. आमच्या घरात एक माणूस मेला नव्हता, त्यामुळे बाकीच्यांना नीट जगता येत नव्हतं.

आये ओव्या म्हणायची, पण दोनच.

*पहिली माझी ओवी गे, नाळीवरच्या झिलाला,*
*वारा घालू नको वाऱ्या, माझ्या दारच्या दिव्याला.*
*दुसरी माझी ओवी गे, भरतीच्या पाण्याला,*
*वाट दाखव गे माये, माझ्या खुळ्या तान्ह्याला.*

“तिसरी, आये?” मी एकदा विचारून बसले.

“तिसरी तो इल्यार,” ती म्हणाली.

आणि मग एक दिवस आमच्या खात्यात नवं काम आलं. क्षेपणास्त्रं वाहणारी नवी विनाशिका नौदलात दाखल होणार होती, तिच्या डोलकाठीवर चढणारी फीत शिवायची होती. नौका नौदलात दाखल होते त्या दिवशी ही लांब, निमुळती फीत वर चढते, आणि नौका निवृत्त होईपर्यंत उतरत नाही. विरली तर नवी लावतात, पण डोलकाठी रिकामी ठेवत नाहीत. मी कापड हातात घेतलं आणि सहज विचारलं, “नाव काय हिचं?”

“वज्रधर,” आमचे मुकादम म्हणाले. “जुनीचं नाव नवीला देतात ना, तसं.”

कात्री माझ्या हातात तशीच राहिली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आये भाताचं पाणी ओतत होती. “आज्याचा नाव नातवाक ठेवतत तसा?” तिने विचारलं.

“तसंच.”

“मगे आज्याच्या घरातली माणसा खंय ऱ्हवतत? नातवाकडेच मां?” तिने पातेलं खाली ठेवलं. “माका त्या बोटीर ने, शेवंते. थंय हाक मारतंय.”

त्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या छातीचं काही खरं नाही म्हणून सांगितलं होतं. मला नाही म्हणता येईना. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. तिने हाक मारावी, ओ येऊ नये, तांदूळ पाण्यात पडावे, मोरीतली ती बादली एकदाची रिकामी व्हावी. दुसऱ्या दिवशी तिने बाबलच्या सदऱ्याचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. “ह्यो तुझ्या त्या फितीत घाल.”

“सरकारी काम आहे, आये. त्यात आपलं काही घालता येत नाही.”

“माझो झील बोटीर घालूक बरो इलो तुमका,” ती म्हणाली, आणि तुकडा परत ट्रंकेत ठेवून दिला.

जुन्या वज्रधरवरच्या लोकांच्या घरच्यांना समारंभाचं बोलावणं होतं. मंडपात आम्ही मागच्या रांगेत बसलो. जहाजाच्या कप्तानाने हुकूम वाचला, बँड वाजला, मागच्या बाजूला नौदलाचा ध्वज चढला आणि वर, अगदी वर, माझी फीत उलगडली. केस सोडल्यासारखी ती वाऱ्यावर गेली.

“ती तू शिवलंस?” आयेने डोळ्यांवर हात धरला. “इतकी बारीक? कोणाक दिसतली?”

“दिसायला नसते ती. जहाज जितं आहे एवढं सांगायला असते.”

“म्हणजे गळ्यातल्या काळ्या मण्यांसारखी,” आये म्हणाली.

समारंभ संपल्यावर पाहुण्यांना जहाज बघायला सोडलं. तिथेच तिने चपला काढल्या, आणि आता ती अनवाणी डेकवर चालत होती.

दळवी चांगला मुलगा होता. आयेच्या चालीने चालत होता. डेकमध्ये बसवलेली चौकोनी झाकणं दाखवून म्हणाला, “याच्या खाली क्षेपणास्त्रं असतात, मावशी. झाकण उघडतं, सरळ आभाळात जातं आणि मग वळून आपलं लक्ष्य शोधतं.”

“आपल्या आपण शोधता?”

“हो. आणि तो वरचा मनोरा बघा. तो फार लांबचं विमानसुद्धा बघतो. आपल्या डोळ्यांना ठिपकाही दिसत नाही, तेव्हाच त्याला दिसतं.”

आयेने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. “आणि पाण्यातलो माणूस?”

दळवीने मनोऱ्यावरची नजर खाली आणली. त्याला आम्ही कोण ते ठाऊक होतं. “पाण्यात माणसाचं नुसतं डोकं वर असतं, मावशी,” तो म्हणाला. “नारळाएवढं. मोठ्या लाटांत ते दिसतंच असं नाही. अजूनही नाही.”

मला वाटलं, आता ही चिडणार. पण आयेने नुसती मान हलवली. “मगे हाकच मारूक व्हयी,” ती म्हणाली.

आत गेल्यावर तिने स्वयंपाकघर पाहिलं, एवढाल्या कढया पाहिल्या, “मासे कोण साफ करता?” विचारलं. झोपायच्या जागा पाहिल्या, एकावर एक. मग म्हणाली, “न्हाणी खंय?”

“आये!”

“असू द्या, ताई,” दळवी हसला आणि एक दार उघडून दाखवलं. आये आत गेली आणि तिने सरळ नळ सोडला. पाणी ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं. तिचा चेहरा बदलला.

“गोडा आसा!”

“समुद्राचंच पाणी, मावशी. जहाजावर यंत्र आहे, त्यातला खारटपणा काढून टाकतं.”

“दर्याचा पाणी गोडा करतत?”

“रोज. सगळे अंघोळ करतात त्यानं.”

आये नळाखाली हात धरून उभी राहिली. किती वेळ. शेवटी मीच नळ बंद केला.

बाहेर आल्यावर मी दळवीला बाजूला घेतलं आणि रीत सांगितली. तो ऐकत होता आणि त्याची नजर मंडपाकडे जात होती. पाहुणे अजून होते, बडे अधिकारी होते, हातात सरबताचे पेले होते.

“हळू मारतील ना हाक?” त्याने विचारलं.

“गाबतीण आहे ती. हळू मारता येत नाही.”

त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. “मागच्या डेकवर चला. ही धून संपली की बँड थोडा थांबेल. मी… मी तुमच्या बाजूलाच उभा राहतो.”

मागच्या डेकवर आये कठड्यापाशी गेली. खाली गोदीचं पाणी, तेलाचे रंग तरंगत होते. ही लाटांची जागा नव्हे, पण कुठल्यातरी लाँचमुळे पाणी हेलकावत होतं. तिने पदराची गाठ सोडली आणि तांदूळ ओंजळीत घेतले. बँड थांबला.

“बाबल्याऽऽ रे!”

वाडीतून निघाल्यापासून इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. धक्क्यावरचे कावळे उठले. मंडपातली माणसं वळून बघू लागली. सरबताचा एक पेला कुठेतरी फुटला. पाणी जहाजाच्या पोटाला लागलं आणि मागे गेलं. काही नाही.

“बाबल्याऽऽ!”

या वेळी आवाज मधेच चिरला. धक्क्यावरून एक अधिकारी झपाझप येऊ लागला, तेव्हा दळवीने लांबूनच हात वर करून त्याला थांबवलं. पाणी आलं, पाणी गेलं. जे व्हावं म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहिली ते आता होणार होतं, आणि माझ्या मनात एकच होतं, नको, आये, तिसरी मारू नको.

“बाबल्या रे बाबाऽऽ!”

“ओऽऽ!”

ओ खालून आली. जहाजाच्या आतून.

शिडीवर धावत्या पावलांचा आवाज झाला आणि लोखंडी दारातून एक नौसैनिक धापा टाकत वर आला. विशीचा असेल. दारातच थबकला. समोर अनोळखी म्हातारी, अधिकारी, सगळ्यांच्या नजरा. तो कानापर्यंत लाल झाला.

“सर, माफ करा… मला वाटलं… मला घरात बाबल म्हणतात.”

आये त्याच्याकडे बघत होती. ओंजळ तशीच. “कोणाचो रे तू?”

“तारींचो. निवतीचो.” तिची बोली ऐकून तोही नकळत घरचं बोलू लागला. “नाव सिद्धेश.”

“तुझी आये इली नाय?”

“पायान अधू आसा. येवक जमाक नाय.”

“जेवलंस?”

“नाय अजून.”

“मगे जेव जा,” आये म्हणाली. मग जवळ गेली, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. आणि ओंजळीतले तांदूळ परत पदरात घेऊन गाठ मारली.

घरी परतताना टॅक्सीत मला राहवलं नाही. “आये, तो आपला बाबल नव्हे.”

“माका काय डोळे नाय गे?” ती चिडली. “माझ्या झिलाचो आवाज माका ठावक नाय? पण हाक मारली आणि ओ इली. ओ इल्यार तांदूळ दर्यात टाकूचे नसतत. घराक नेऊन शिजवचे असतत.”

त्या संध्याकाळी तिने त्या तांदळाची पेज केली आणि आम्ही दोघींनी खाल्ली. दिवेलागण झाली. मी बादली भरायला उठले, तर म्हणाली, “ऱ्हवांदे. आता नको.”

“का?”

“बोटीर गोडा पाणी आसा. मी बघलंय मां.”

मग भिंतीला टेकून, पाय पसरून ती गुणगुणली, इतक्या हळू की मला ओठांकडे बघून ऐकावं लागलं.

*तिसरी माझी ओवी गे, ओ इली काळजात,*
*नीज माझ्या बाळा आता, बोटीच्या पाळण्यात.*

मार्गशीर्षात ती गेली. झोपेत, कोणाला त्रास न देता.

बाबलचं मात्र अधांतरीच राहिलं. दरवर्षी पितृपक्षात गावाहून काका फोन करायचे. “हाक परत मार, शेवंता. कोणा परक्या पोराने ओ दिली म्हणून काय झालं? तो मोकळा व्हायला नको?” मी ऐकायचे आणि फोन ठेवायचे. शेवटी मलाच पटलं. आता घरातली मोठी बाई मीच. मी रजा टाकली, गाडीचं तिकीट काढलं, पदरात तांदूळ बांधले आणि गावी निघायच्या दिवशी हातातलं काम उरकायला खात्यात आले.

दुपारी कोणीतरी दारात उभं राहिलं. मिशा, जरा सुटलेलं पोट, दंडावर हुद्द्याची खूण. हातात उन्हावाऱ्याने चिंध्या झालेली एक फीत.

“वज्रधरची, ताई. नवी हवी आहे.” मग त्याने मला निरखून पाहिलं. “तुम्ही त्या मावशींच्या…”

“बाबल,” मी म्हणाले.

मी त्याला बसवलं, चहा मागवला. आयेचं सांगितलं. तो कप हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “ताई, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा घाबरलो होतो, बोललो नाही. त्या दिवशी मला हाक ऐकू आली नव्हती.”

“म्हणजे?”

“मी खालच्या बोळात होतो. पंख्यांचा आवाज, दारं बंद. वर तोफ उडाली असती तरी कळलं नसतं.”

“मग ओ कशी दिलीस?”

“मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, ‘आये हाक मारता रे. तू ओ दी, माझो आवाज वर पोचना नाय.’ आपली बोली ऐकून इतकं बरं वाटलं, ताई, की काही विचारलंच नाही. मला वाटलं, माझी आई आली. धावत सुटलो.” त्याने कप खाली ठेवला. “नंतर त्याला खूप शोधला. आमच्या जहाजावर तेव्हा मालवणी बोलणारा मी एकटा होतो.”

“कसा होता दिसायला?”

“बोळात उजेड कमी. नीट पाहिला नाही.” तो आठवत राहिला. “केस ओले होते. साबणाचा वास येत होता. नुकताच न्हाऊन आल्यासारखा.”

तो गेल्यावर मी नवी फीत शिवायला घेतली आणि त्या दिवशीच पुरी केली. गावची गाडी सुटायची वेळ झाली, टळली.

घरी येऊन पदराची गाठ सोडली आणि तांदूळ धुऊन पेज चढवली.